शुश्रूषा ही तामिली आहे काय?

परिचारिकेचे काम म्हणजे वैद्याने लिहून दिलेल्या हुकमाची बिनचूक तामिली, आणि त्या तामिलीला जी काही जोड हवी ती मायाळू अंतःकरणाची, विद्येची तिथे गरज नाही, हे मत आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत इतके सार्वत्रिक झाले आहे की ते एक मत आहे याचाही विसर पडून ते वस्तुस्थिती म्हणून बोलले जाते. चार वर्षांच्या पदवीशिक्षणाने परिचारिका बिघडल्या, त्या हल्ली उलट प्रश्न विचारतात, पूर्वीच्या सिस्टर सांगितले तेवढे मुकाट्याने करीत आणि रोग्याला आईसारख्या जपत, ही तक्रार मी रुग्णालयांच्या व्यवस्थापकांकडून ऐकली आहे, वयोवृद्ध डॉक्टरांकडून ऐकली आहे, आणि ज्यांच्या घरचे माणूस आमच्या डोळ्यांदेखत बरे होऊन गेले अशा कृतज्ञ नातेवाइकांकडूनही ऐकली आहे. या 'पूर्वीच्या सिस्टर'पैकी मी एक आहे. चौतीस वर्षे मी ही नोकरी केली, त्यातली बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांत, आणि अखेरची काही वर्षे शिकाऊ मुलींना शिकविण्यात गेली. माझा दाखला देऊन माझ्याच व्यवसायभगिनींना हिणविले जात असता गप्प बसणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, म्हणून हा प्रतिवाद.

तामिलीच्या सिद्धान्ताची परीक्षा करावयाची तर ती मी स्वतः केलेल्या एका निर्दोष तामिलीपासूनच करणे बरे. नोकरीचे दुसरे वर्ष होते. स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात साठीच्या घरातील एक मधुमेही बाई दाखल होत्या. बोटाच्या टोकावरचे थेंबभर रक्त घेऊन क्षणात साखर सांगणारे यंत्र तेव्हा वॉर्डात नव्हते. परीक्षानळीत पाच मिलिलिटर बेनेडिक्ट द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, ते दिव्यावर उकळायचे, आणि निळ्याचे हिरवे, पिवळे, नारिंगी की विटकरी होते ते पाहून त्या रंगासमोर केसपेपरवर लिहिलेली इन्सुलिनची मात्रा द्यायची, अशी वहिवाट होती. त्या सकाळी रंग नारिंगी आला. नारिंगीसमोर लिहिलेलीच मात्रा मी दिली, वेळेवर दिली, निर्जंतुक सुईने आणि टोचण्याची जागा बदलून दिली, नोंद केली, सही केली. साडेदहाच्या सुमारास बाई घामाने निथळत होत्या, असंबद्ध बोलत होत्या, आणि उशाशी बसलेली त्यांची सून हात जोडून "अंगात आलंय" म्हणत होती. इन्चार्ज सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली तशीच सोडून आल्या, त्यांनी बाईंच्या कपाळाला पालथा हात लावला, कॉटशेजारच्या लॉकरावरचा डबा उघडून पाहिला, त्यात सकाळचा नाश्ता जसाच्या तसा होता. पंचवीस टक्क्यांचे ग्लुकोज शिरेतून गेले आणि काही मिनिटांतच बाई भानावर येऊन पदर सावरू लागल्या. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. चंद्रोदयापर्यंत त्या काही खाणार नव्हत्या. इन्चार्ज सिस्टर चारचौघांत मला एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी रिपोर्ट लिहिताना त्यांनी एवढेच विचारले, "इंजेक्शन देण्याआधी, त्या आज खाणार का, हे विचारलं होतंस?"

हुकूम बरोबर होता, तामिली बरोबर होती, आणि रोगी मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आला. यात डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही, कारण संकष्टीचा उपास त्यांना कळण्याचा संभव नव्हता. हुकूम ज्या क्षणी कागदावर उतरतो त्या क्षणीच्या रोग्यासाठी तो लिहिलेला असतो, आणि तो बजावला जातो तेव्हा मध्ये काही तास, कधी पुरी रात्र उलटून गेलेली असते. त्या अवधीत रोगी ओकलेला असतो, उपाशी राहिलेला असतो, घाबरलेला असतो, किंवा नुसताच झोपला आहे असे दिसत असताना ग्लानीत गेलेला असतो. हुकूम आणि रोगी यांच्यामधल्या या अंतरात रोज जे निर्णय घ्यावे लागतात ते घेणारे माणूस तिथे एकच असते. हृदयविकाराच्या रोग्याला डिगॉक्सिनची गोळी देण्यापूर्वी छातीवर स्टेथस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे आणि ते साठाच्या खाली असतील तर गोळी हातात ठेवून डॉक्टरांना कळवायचे, हे प्रत्येक शिकाऊ मुलीला शिकविले जाते. म्हणजे हुकूम थांबविण्याचे शिक्षण आम्हांला पहिल्यापासूनच दिले जाते, आणि ते देणारे काही बंडखोर नसतात. तामिलीवाद्यांनी या एका गोळीचा विचार केला असता तरी त्यांचा सिद्धान्त इतक्या आत्मविश्वासाने त्यांना मांडता आला नसता.

दुसरा प्रसंग बऱ्याच वर्षांनंतरचा, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डातला. जठरातील व्रणासाठी संध्याकाळी शस्त्रक्रिया झालेला पस्तिशीचा एक शेतकरी रात्रपाळीत माझ्याकडे होता. दहा वाजता नाडी 84, रक्तदाब 120 वर 80. बारा वाजता नाडी 96. दीड वाजता नाडी 108, रक्तदाब 118 वर 90. ज्याला आकडे नुसते वाचता येतात त्याला या नोंदीत घाबरण्याजोगे काही दिसणार नाही, कारण रक्तदाबाचा वरचा आकडा जवळजवळ जागच्या जागी आहे. परंतु खालचा आकडा वर चढून वरच्याच्या जवळ येत आहे, म्हणजे रक्तवाहिन्या आकसत आहेत आणि तरुण शरीर आतली गळती झाकून धरीत आहे, हे ज्याला उमगते त्याला हेही ठाऊक असते की सशक्त माणसाचा रक्तदाब एकंदर रक्ताचा जवळजवळ तिसरा हिस्सा जाईपर्यंत तग धरतो आणि मग एकाएकी कोसळतो. पोटातून बाहेर आणलेली निचऱ्याची नळी कोरडी होती. कोरडी नळी शुभचिन्ह मानण्याचा मोह होतो खरा, पण गुठळीने तोंड बुजलेली नळीही कोरडीच असते. लघवीच्या पिशवीत तासाभरात जेमतेम 20 मिलिलिटर जमले होते. पायाची बोटे गार होती. माणूस चादरीची कड मुठीत धरीत होता, सोडीत होता, पुन्हा पुन्हा पाणी मागत होता, आणि "सिस्टर, मला कसंतरीच होतंय, जरा उठून बसवा" म्हणत होता.

वॉर्डबॉय मामांना कॉल बुक देऊन निवासी डॉक्टरांकडे पाठविले. ते तरुण होते, दिवसभर ऑपरेशन थिएटरात उभे राहून दमलेले होते; टाके दुखत असतील, लिहून ठेवलेले वेदनाशामक इंजेक्शन द्यावे, असा शेरा घेऊन वही परत आली. हुकूम स्वच्छ होता. तो बजावला असता तर रोग्याची तगमग थांबली असती, वॉर्ड शांत झाला असता, आणि माझ्यावर कोणतीही जबाबदारी राहिली नसती. मी इंजेक्शन दिले नाही. 2 वाजून 10 मिनिटांनी पुन्हा मिनिटभर नाडी मोजली, ती 118 भरली. सगळे आकडे वेळेसह वहीत उतरविले आणि खाली एक ओळ लिहिली की हे टाक्यांचे दुखणे वाटत नाही, आत रक्तस्राव होत असावा, कृपया येऊन पाहावे. ते आले, आणि आले याबद्दल मी त्यांना आजही मानते. पोटावर हात ठेवून ते क्षणभर थांबले, मग काही न बोलता त्यांनी सर्जनसाहेबांच्या घरी गाडी पाठविली. पहाटे चारच्या सुमारास पोट पुन्हा उघडले तेव्हा एका रक्तवाहिनीवरचा बंध निसटलेला आढळला.

असे काही घडले की लोक म्हणतात, सिस्टरांना आधीच चाहूल लागते. हा शब्द प्रेमाने वापरला जातो हे मला मान्य आहे, पण त्यातून जो अर्थ पसरतो तो घातक आहे. चाहूल लागली असे म्हटले की ती एखाद्या उपजत शक्तीची, दैवी देणगीची गोष्ट ठरते. तिला शिक्षण नको, वेतनश्रेणी नको, आणि ती ज्या वॉर्डात एका जीवाला चाळीस कॉट नेमून दिलेल्या असतात तिथेही आपोआप उगवेल अशी अपेक्षा करता येते. माझ्या त्या रात्रीच्या निर्णयाची पायरी न् पायरी मी वर मांडली आहे. त्यात गूढ काही नाही. अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अनुभवी परिचारिकेची नजर कशी घडत जाते याचे विवेचन केले आहे, आणि त्याचे सार हेच की जे बाहेरून झटकन झाल्यासारखे दिसते ते शेकडो रोग्यांच्या उशाशी बसून साठविलेल्या ज्ञानाचे फलित असते.

शब्दांवरूनच वाद करावयाचा असेल तर तोही करावा. एका विद्वान गृहस्थांनी मला एकदा ऐकविले होते की 'शुश्रूषा' या शब्दाच्या मुळाशी 'श्रु' धातू आहे, त्याचा अर्थच ऐकण्याची इच्छा, तेव्हा ऐकणे, अर्थात आज्ञा ऐकणे, हाच तुमचा धर्म. व्युत्पत्ती त्यांची निर्विवाद आहे. कोणाचे ऐकायचे, एवढेच त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले. रात्री दोन वाजता ज्याच्या तोंडचे ऐकायला जागे असे कोणीच नसते त्या रोग्याचे ऐकणे हीदेखील शुश्रूषाच, आणि माझ्या मते मुख्य शुश्रूषा तीच. हे ऐकणे किती कठीण आहे याची जाण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पुरेपूर होती. 1859 सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि रोग्याची रात्र बरी गेली काय, असल्या मोघम पृच्छेवर कठोर टीका केली, कारण 'बरी' या शब्दात दहा तासांची झोपही बसते आणि दोन तासांचीही. ज्या बाईंच्या हातातल्या दिव्याची आपण चित्रे लावतो त्यांनी आकडेवारीच्या जोरावर सरकारी दप्तरे हलविली आणि प्रत्येक स्त्री जन्मतःच चांगली परिचारिका असते या समजुतीचा निषेध केला, हे मात्र त्या चित्रात दिसत नाही.

आता त्या मातृहृदयाकडे वळते, कारण अपमानापेक्षा या गौरवाचे खंडन करणे मला अधिक अवघड आणि अधिक अगत्याचे वाटते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 साली झालेल्या हल्ल्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे, 18 मे 2015 रोजी देहान्त होईपर्यंत, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांची शुश्रूषा तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी केली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणी निकाल देताना या शुश्रूषेची वाखाणणी केली. अंथरुणाला खिळलेल्या देहावर इतकी वर्षे शय्याव्रण होऊ दिला नाही, हे ज्या कोणी वाचले त्याने भारावून जाऊन 'प्रेम', 'माया', 'भगिनीभाव' हे शब्द उच्चारले. प्रेम होते यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु शय्याव्रणाला प्रेम कळत नाही. हाडाच्या उंचवट्यावर, माकडहाडाशी, टाचेला, खुब्याला, दाब पडून सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि त्या फार वेळ मिटून राहिल्या की मांस मरू लागते. ते टाळायचे तर ठरल्या वेळी कूस बदलावी लागते, ओल पुसावी लागते, चादरीची सुरकुती काढावी लागते, अन्नातील प्रथिनांकडे पाहावे लागते, आणि टाचा गादीपासून अधांतरी ठेवण्यासाठी उशी नेमकी पोटरीखाली सरकवावी लागते. परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की बोटाने दाबल्यावरही न मावळणारा लालसर डाग ही धोक्याची पहिली खूण. पण तो डाग गोऱ्या कातडीवर दिसतो, आमच्या रोग्यांच्या सावळ्या कातडीवर तो दिसतच नाही, म्हणून आम्ही हाताच्या पालथ्या बाजूने तिथली ऊब आणि बोटाच्या पेराने तिथला कडकपणा पाहायला शिकलो. कित्येक वर्षे मी स्वतः पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून उंचवटे चोळीत असे, कारण मला तसेच शिकविले होते. पुढे संशोधनाने दाखवून दिले की दुखावलेल्या जागी चोळल्याने आतील पेशींना अधिकच इजा होते, आणि आम्ही ते सोडले. माया आधीही तेवढीच होती आणि नंतरही. बदलले ते ज्ञान.

ही माया परंपरेच्या नावाने आमच्या गळ्यात घालणाऱ्यांनी परंपरा तरी नीट वाचावी. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. आणि त्यातील परिचारकाचे गुण सांगताना उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच असा क्रम दिला आहे. उपचार जाणणे पहिले, दक्षता दुसरी, आणि जिव्हाळा तिसरा. आपल्या प्राचीन आचार्यांना जे सुचले ते आजच्या पदवीधर टीकाकारांना रुचू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

आता यंत्रे आली, मॉनिटर आपणहून ओरडतो, तेव्हा परिचारिकेच्या निर्णयाचे महत्त्व ओसरले, असाही एक युक्तिवाद आहे. यंत्राचा मला द्वेष नाही. त्या संकष्टीच्या सकाळी ग्लुकोमीटर असता तर मी त्याचे पाय धरले असते. परंतु 1990 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात, खालावणाऱ्या रोग्याकडे तत्काळ धावून जाणारे पथक उभारले गेले, आणि अशा पथकाला बोलाविण्याच्या निकषांत नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या आकड्यांबरोबरच रोग्याविषयी वाटणारी गंभीर चिंता हाही निकष मान्य झाला. आकडे बिघडण्यापूर्वी उशाशी असलेल्या माणसाला जे दिसते ते दखलपात्र आहे, ही कबुली यंत्रांच्या देशांनीच दिली आहे. मोजमापच हवे असेल तर तेही आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या 2,32,342 रोग्यांच्या नोंदी तपासून 2002 साली दाखविले की एका परिचारिकेमागे एक रोगी वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. आणि 2014 साली युरोपातील नऊ देशांच्या 300 रुग्णालयांच्या अभ्यासात असे आढळले की पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी अधिक असेल तिथे ही शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी कमी असते. पदवीने परिचारिका बिघडतात असे म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास खोडून काढावा किंवा आपले विधान मागे घ्यावे.

आमच्यातही कसूर आहे, आणि ती लपविण्याने माझी बाजू बळकट होणार नाही. कोणत्याही वॉर्डात जाऊन टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांचा तक्ता, उघडावा. श्वासाच्या रकान्यात ओळीने 20, 20, 20 असे आकडे दिसतील, दम लागलेल्या रोग्यासमोरही 20 आणि गाढ झोपलेल्या रोग्यासमोरही 20. प्रकृती बिघडू लागली की सर्वांत आधी बदलणाऱ्या गोष्टींपैकी श्वासाची गती ही एक, आणि नेमकी तीच आम्ही न मोजता लिहितो. याला आळस कारण आहे असे म्हणून मी पूर्वी मुलींना रागावत असे. पुढे माझ्या ध्यानात आले की ज्या व्यवस्थेत रकाना भरला की काम झाले असे मानले जाते, जिथे वरिष्ठ राउंडला येऊन चार्ट रिकामा आहे काय एवढेच पाहतात आणि तो आकडा पाहून कोणी कधी काही करीत नाही, तिथे मुलगी मिनिटभर छातीच्या हालचालीवर नजर ठेवून कशासाठी उभी राहील? तिला तामिली शिकविली, तिने तामिली केली. "ऑर्डर नव्हती" हे वाक्य ज्या परिचारिकेच्या तोंडी सहज येते तिच्यावर चिडण्याआधी ते वाक्य तिला कोणी शिकविले याची चौकशी करावी. रोगाचे निदान आणि औषधाची योजना हे डॉक्टरांचे क्षेत्र आहे, ते मला मुळीच बळकावायचे नाही. मी एवढेच मागते आहे की परिचारिका जेव्हा कारण देऊन म्हणेल की हे मला बरोबर वाटत नाही, तेव्हा तिचे म्हणणे उद्धटपणा समजून झिडकारले जाऊ नये, आणि तसे म्हणण्याइतके कोणत्याही एका रोग्याकडे पाहण्याची तिला सवड असावी.

मग दाखवा हे निर्णय, ते नोंदलेले कुठे आहेत, असे मला विचारले गेले आहे. जो व्रण झाला नाही, जी शुद्ध हरपली नाही, जो पडला असता पण पडला नाही असा वृद्ध, यांची नोंद कुठल्याच केसपेपरात नसते, कारण केसपेपर घडलेल्याचा लिहितात. त्या शेतकऱ्याच्या कागदांत शस्त्रक्रियेची टिपणे आहेत, निसटलेल्या बंधाचा उल्लेख आहे, दिलेल्या रक्ताच्या बाटल्यांचा हिशेब आहे. तो तेराव्या दिवशी घरी गेला. जाताना त्याच्या बायकोने वॉर्डातल्या सगळ्यांना शेंगा वाटल्या. कॉल बुक हे कायम जपण्याचे दप्तर नव्हे, पाने संपली की ते रद्दीत जाते, आणि ते गेलेच असणार. त्या पानावर 2 वाजून 10 मिनिटांसमोर 118 लिहिले होते, माझ्या हस्ताक्षरात, आणि त्याखाली ती एक ओळ.